टिपूचं एक स्वप्न आणि नववीतलं भाषण

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात वहीची दोन पानं. "मॅडम, भाषण तपासून द्या ना." तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'इतिहासातील माझा आवडता वीर'. आमच्या उर्दू शाळेतून एकच नाव गेलं होतं, याचं. मराठीतून बोलायचं, पाच मिनिटं. समोर तिवशातल्या आणि आसपासच्या मराठी शाळांची मुलं, त्यांचे सर-मॅडम, दोन-चार पुढारी. त्याने टिपू सुलतान निवडला होता.

मी लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर पहिलं पान चांगलं होतं. रॉकेटं होती, वाघ होता, श्रीरंगपट्टणचा किल्ला होता. दुसऱ्या पानावर पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं की मराठ्यांवर हल्ला करायच्या आधी सुलतानांना एक ख्वाब पडला. ख्वाबात एक जवान पुरुष आला आणि तो औरत निघाला. सुलतानांनी सकाळी सगळ्यांना सांगितलं, हे मराठे म्हणजे पुरुषांचे कपडे घातलेल्या बायका आहेत. आणि मराठे खरंच बायकांसारखे पळाले. टाळ्या. 'टाळ्या' हा शब्द त्याने स्वतःच कंसात लिहून ठेवला होता.

मी त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली.

"झूठ है क्या मॅडम?"

"नाही. पण वेळ पुरणार नाही."

वेळेचा काही प्रश्न नव्हता, हे त्यालाही कळलं आणि मलाही. २०२३ च्या मे महिन्यात अकोल्यात एका सोशल मीडियावरच्या पोस्टवरून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच महिन्यात कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून दुकानं फुटली. अशा दिवसांत एका मुस्लिम पोराने भर सभेत 'मराठे बायका निघाले' असं म्हणायचं आणि मी ते तपासून द्यायचं? माझी नोकरी आहे, त्याचं अख्खं आयुष्य आहे. मी भ्याले. ते लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवलं आणि खाली विचारलं, "पोस्टर चालेल का?" जुनं इंग्रजी व्यंगचित्र होतं. किल्ल्यावर उभा राहून टिपू लघवी करतोय आणि खाली लॉर्ड कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतोय. मी एकटीच स्वयंपाकघरात हसले आणि लगेच त्याला उत्तर लिहिलं, "अजिबात नाही."

पण स्वप्न आणि चित्र दोन्ही डोक्यात बसलं. त्या पोराने चार ओळी कुठल्यातरी व्हिडिओवरून उतरवल्या होत्या. मी ठरवलं, रेघ मारली आहे तर निदान कशावर मारली ते तरी बघू.

टिपू आपली स्वप्नं लिहून ठेवत असे. स्वतःच्या हाताने, फारसीत. १७८५-८६ पासून पुढच्या बारा-तेरा वर्षांत पडलेली ३७ स्वप्नं त्या वहीत आहेत. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि महालातल्या कागदपत्रांत ही वही कर्नल विल्यम कर्कपॅट्रिकला सापडली. टिपूच्या पदरचे मुन्शी हबीबुल्ला तेव्हा तिथे हजर होते. वही वाचताना किंवा तीत लिहिताना कुणी आलं तर टिपू ती लपवायचा, अशी नोंद अलेक्झांडर बीटसन या अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. त्याच बीटसनने १८०० साली वही लंडनला नेऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या स्वाधीन केली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्रजी भाषांतर महमूद हुसैन यांनी केलं आणि ते १९५७ मध्ये कराचीत छापलं गेलं. महमूद हुसैन म्हणजे आपले राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसैन यांचे धाकटे भाऊ. एक भाऊ इथे, एक तिथे, आणि म्हैसूरच्या सुलतानाची स्वप्नं तिकडून छापून इकडे येतात. आपल्या लोकांच्या घरांतला हा नेहमीचाच हिशोब आहे.

आता ते स्वप्न, माझ्या शब्दांत. शाहनूर म्हणजे आजचं हावेरी जिल्ह्यातलं सावनूर. मराठ्यांची छावणी जवळच होती, सेनापती हरिपंत फडके. रात्री छापा घालायचं ठरलं होतं. त्याआधी टिपूला स्वप्नात दिसलं की एक देखणा, अनोळखी तरुण येऊन आपल्याजवळ बसला आहे. टिपू त्याच्याशी थट्टा करू लागला, एखाद्या बाईशी लाडात बोलावं तशी. मग त्याचं त्यालाच वाटलं, अशी थट्टा करायची तर आपली सवय नाही. थोड्या वेळाने तो तरुण उठला, चार पावलं चालून परत आला, पगडीखालचे केस मोकळे सोडले, अंगरख्याचे बंद सोडले. ती बाई होती. टिपूने तिला बोलावून बसवलं आणि म्हणाला, मला आधी नुसता अंदाज होता, आता खात्री झाली. बोलणं चाललं असतानाच पहाट झाली आणि जाग आली.

स्वप्न इथे संपतं. हे मी तीनदा वाचलं. यात मराठ्यांचं नाव नाही, लढाई नाही, कुणाचा अपमान नाही. एक माणूस स्वतःच्या थट्टेवर थोडा लाजतो, समोरची बाई स्वतःहून आपण बाई असल्याचं दाखवते आणि तो तिला मानाने बसवून घेतो. अपमान आहे तो पुढच्या ओळीत. सकाळी उठून टिपूने स्वप्न लोकांना सांगितलं आणि ताबीर केली, की हे मराठे कपडे पुरुषांचे घालून आले आहेत, पण निघतील बायका. दोन दिवसांनी दोन-तीनशे माणसं घेऊन त्याने छापा घातला, थेट हरिपंतांच्या तंबूपर्यंत गेला, आणि मराठे पळाले. हे त्यानेच खाली नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे त्या पोराची माहिती खरी होती. त्याने फक्त स्वप्न आणि ताबीर एकात एक कालवली होती. टिपूनेही तेच केलं होतं.

एक गोष्ट मला खटकली. जो माणूस ही वही कुणाच्या नजरेला पडू देत नव्हता, त्याने नेमकं हेच स्वप्न लोकांना का सांगितलं? आपल्याकडे ख्वाबाचे कायदे लहानपणापासून कानावर पडतात. चांगला ख्वाब अल्लाहकडून, तो आपल्यावर प्रेम करणाऱ्यालाच सांगावा. वाईट ख्वाब कुणालाच सांगू नये. हजरत युसुफ यांनी अकरा तारे आणि चंद्र-सूर्य पाहिले, तेव्हा वडिलांनी पहिली गोष्ट हीच सांगितली की भावांना सांगू नकोस. सच्चा ख्वाब नबुव्वतचा छेचाळीसावा हिस्सा, असं हदीसमध्ये आहे. म्हणजे मोठी चीज आहे, पण चौकात नेण्याची नाही. टिपूला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी त्याने सांगितलं, कारण छाप्यावर जाणाऱ्या माणसांना ते उपयोगाचं होतं. अंधारात दोन-तीनशे जण मोठ्या छावणीवर चालून जाणार असतील तर त्यांना 'समोर बायका आहेत' ही खात्री हवी असते.

आणि समोर होते कोण? वहीत शत्रूला 'काफिर' म्हटलं आहे, पण मराठ्यांच्या बाजूने त्या मोहिमेत निजामाची फौज होती. सावनूरचा नवाब अब्दुल हकीम खान मराठ्यांच्या आश्रयाला होता, तो पठाण, वर टिपूच्या घराण्याचा सोयरा. नागपूरकर भोसल्यांचे लोकही १७८६ च्या त्या मोहिमेवर आले होते. आमचं वऱ्हाड तेव्हा निजाम आणि भोसले या दोघांच्या दोअमलीत. एक वसूल निजामाचा, एक भोसल्यांचा. आमच्या पूर्वजांच्या कापसा-ज्वारीचा पैसा त्या छावणीच्या दोन्ही भागांत गेला असणार. आमच्या या भागातला एखादा शिलेदार, नावाने रहीमखान काय आणि राघोजी काय, त्या रात्री हरिपंतांच्या तंबूपासून पळाला असेल तर मला नवल वाटणार नाही. टिपूचा दिवाण पूर्णय्या ब्राह्मण होता हेही सगळ्यांना माहीत आहे. नववीतल्या मुलाला 'आपले' आणि 'त्यांचे' अशी दोन माणसं हवी असतात. सावनूरला तशी ती सापडत नाहीत.

इथपर्यंत मी शिक्षिका म्हणून वाचत होते. चौथ्यांदा वाचलं तेव्हा बाई म्हणून वाचलं, आणि राग आला. मराठ्यांना कमी लेखायचं तर त्यांना काय म्हणायचं? बायका. माझी मातृभाषा उर्दू, पण मी मराठीतच बीएडला उत्तरं लिहिली आणि मराठीतच हे लिहिते आहे. मराठे म्हणून मला कुणी मोजत नाही, मुसलमान म्हणून सगळे मोजतात. पण या ओळीत दोन्ही बाजूंच्या भांडणात जी शिवी म्हणून वापरली गेली ती मीच.

राग आल्यावर पाच मिनिटांनी एक जुनी गोष्ट आठवली, तीही सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर आमची मुलं कबड्डी हरत होती. चढाई करायला कुणी जाईना. मी बाहेरून ओरडले, "जमत नसेल तर बांगड्या भरा!" मुलांनी मान खाली घातली. माझ्याशेजारी उभी असलेली सातवीतली मुलगी माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर भरल्याच आहेत." ती खोडसाळपणे बोलली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. आपल्या महाराष्ट्रात कुठल्याही मोर्चात साहेबांच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवतात आणि तो बहुतेक वेळा बायकाच ठेवतात. टिपूची ताबीर आपण सगळे रोज करतो.

मग त्या चित्राकडे वळले. काढणारा जेम्स गिलरे. साल १७९१. त्या वर्षी मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत गेला, पण पाऊस आला, बैल मेले, धान्य संपलं. मोठ्या तोफा स्वतःच फोडून त्याला माघार घ्यावी लागली. वाटेत मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली आणि तिच्या बाजारातल्या धान्यावर इंग्रजांची उपासमार टळली. पाच वर्षांपूर्वी टिपूच्या ताबीरीत बाई ठरलेले तेच हरिपंत. त्याच वर्षी परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपूने शंकराचार्यांना पत्रं लिहून मठ पुन्हा उभा करायला मदत पाठवली, हेही याच लढाईतलं. बातमी समुद्रामार्गे लंडनला पोचायला सहा-सात महिने लागत. डिसेंबरात गिलरेने पावसाळ्याच्या आगमनाचं चित्र काढलं. आता टिपू पाऊस कसा पाडतो ते त्या पोराने पाठवलंच होतं.

या चित्रांचा धंदा तेव्हा लंडनमध्ये जोरात होता. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, छापायच्या, हाताने रंग भरायचे, आणि दुकानाच्या काचेत लावायचे. बघ्यांची गर्दी व्हायची. गिलरेची चित्रं हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानातून विकली जात आणि तिच्या दुकानाच्या वरच तो राहायचा. एका बाईच्या दुकानातून सगळ्या युरोपच्या राजांची अब्रू काचेत टांगली जात होती.

गिलरेची बाकी चित्रं बघता बघता १७९५ ची दोन सापडली आणि तिथे मी जास्त वेळ थांबले, कारण त्यांतही स्वप्न आणि युद्ध होतं. लंडनमध्ये रिचर्ड ब्रदर्स नावाचा एक निवृत्त आरमारी लेफ्टनंट होता. त्याला दृष्टांत व्हायचे. आपण यहुद्यांचे राजे, त्यांना जेरुसलेमला नेणार, लंडन नष्ट होणार, असं तो छापून सांगायचा. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की फ्रान्सशी चाललेलं युद्ध देवाच्या मर्जीविरुद्ध आहे, ते थांबवा. लोक ऐकू लागले. ४ मार्च १७९५ ला सरकारने त्याला धरलं. ५ मार्चला गिलरेचं चित्र बाजारात आलं. फाटक्या फ्रेंच क्रांतिकारकाच्या वेषातला ब्रदर्स, हातात ज्वाळांची तलवार, पाठीवरच्या गाठोड्यात कोंबलेली माणसं. एका दिवसात! आपल्याकडचे मीम करणारे तरी याहून वेगळं काय करतात. ब्रदर्सला वेडा ठरवून इस्पितळात ठेवलं, ते १८०६ पर्यंत.

त्याची बाजू संसदेत एकाच माणसाने लावून धरली. नाव नॅथॅनियल ब्रासी हालहेड. हे नाव भाषा शिकवणाऱ्या माणसाला ओळखीचं असायला हवं. १७७८ मध्ये हुगळीला छापलेलं बंगालीचं व्याकरण याचं. संस्कृतमधून फारसीत आलेला हिंदू कायदा फारसीतून इंग्रजीत नेला, तोही यानेच. (त्या व्याकरणात त्याला बंगालीतले फारसी-अरबी शब्द नको होते. मराठीतून 'बाहेरचे' शब्द काढायला निघालेली मंडळी भेटली की मला आता हालहेडसाहेब आठवतात.) असा हुशार, कंपनीत नोकरी केलेला, वॉरन हेस्टिंग्जचा मित्र ३१ मार्च १७९५ ला उभा राहिला आणि ब्रदर्सचं पुस्तक सभागृहापुढे ठेवा म्हणाला. अनुमोदन द्यायलासुद्धा कुणी उठलं नाही. जूनमध्ये गिलरेने दुसरं चित्र काढलं आणि त्याच्या लांबलचक शीर्षकातच ब्रदर्सला झालेला साक्षात्कार आणि त्यावर हालहेडची साक्ष असं घातलं. चित्रात पंतप्रधान पिट म्हणजे उघडावाघडा, हडकुळा मृत्यू. पांढऱ्या घोड्यावर बसून तो दौडतोय आणि तहाची मागणी करणारे विरोधी पुढारी टापांखाली तुडवले जात आहेत.

हे चित्र मी बराच वेळ पाहिलं. हसायचं कुणाला, ते ठरत नाही. स्वप्न पाहणाऱ्याची टर उडवायला निघालेल्या चित्रकाराच्या हातून युद्धाचं इतकं खरं रूप उतरलं की ब्रदर्सनेसुद्धा याहून वेगळं सांगितलं नसतं. पुढे १८०१ मध्ये फ्रान्सशी तहाची बोलणी झाली तेव्हा गिलरेने माजी युद्धमंत्री विंडहॅमला पडलेलं भयाण स्वप्न काढलं. घाबरवणारी गोष्ट कोणती, तर शांतता. शेवटी गिलरेचंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही. नजर गेली, १८११ मध्ये त्याने वरच्या मजल्यावरून उडी घ्यायचा प्रयत्न केला, आणि १८१५ मध्ये तो गेला. शेवटपर्यंत त्याला हॅना हम्फ्रीनेच सांभाळलं.

ब्रदर्स आणि टिपू एकाच काळातले. एकाने सांगितलं, मला युद्ध थांबवायचा हुकूम झाला आहे. त्याला कोंडलं. दुसऱ्याने सांगितलं, मला युद्ध जिंकायची खबर मिळाली आहे. त्याच्यामागे दोन-तीनशे माणसं अंधारात चालत गेली. आमच्या मराठीतही तेच. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या भेटीआधी भवानी दर्शन देऊन अभय देते, आणि ते आम्ही शाळेत अंगावर काटा येईपर्यंत ऐकलेलं आहे. लढू नको असा दृष्टांत झालेल्या सरदाराची बखर कुणी लिहिलेली मी वाचली नाही.

टिपूच्या वहीत दुसरीही स्वप्नं आहेत. चीनच्या बादशहाकडून पांढरा हत्ती येतो. चांदीच्या तीन तबकांत ताजे खजूर येतात आणि त्याची ताबीर तो तीन शत्रूंची राज्यं अशी करतो. झालं उलटंच. १७९२ च्या तहात अर्धं राज्य त्या तिघांनी वाटून घेतलं, वर तीन कोटी तीस लाख रुपये आणि दोन लहान मुलं ओलीस. ती मुलं कॉर्नवॉलिसच्या हवाली होतानाची चित्रं मात्र गिलरेच्या पद्धतीची निघाली नाहीत. ती मोठमोठ्या कॅनव्हासवर, तेलरंगात, अतिशय गंभीरपणे काढली गेली. हसण्यावारी न्यायला तोपर्यंत टिपू फार उरला नव्हता. आणि १७९९ नंतर बीटसनने आपल्या पुस्तकात या वहीतली काही स्वप्नं छापली, टिपू किती कट्टर होता ते दाखवायला. उशाशी लपवलेली वही पुरावा म्हणून कामी आली. कुणाच्याही मोबाईलमधलं काहीही काढून त्याची ताबीर करणाऱ्या आजच्या मंडळींना हे सांगायला नको.

श्रीरंगपट्टण घेतल्यावर तिथला कारभार आर्थर वेलस्ली या अधिकाऱ्याकडे आला. चार वर्षांनी तोच आमच्या वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोल्याकडचं अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. चिखलदऱ्याची सहल काढली की आम्ही मुलांना गाविलगडावर नेतो. पडकी तटबंदी, तोफा, माकडं. किल्लेदार बेनीसिंग लढत मेला, एवढं सांगून आम्ही डबे उघडतो. ग्रँट डफने पुढचंही लिहिलं आहे. गड पडतोय असं दिसल्यावर तिथल्या राजपूत सरदारांनी आपल्या बायकामुलींना मारायचं ठरवलं. काही मेल्या, बाकीच्या जखमी होऊन वाचल्या. मी आठ-दहा वेळा तो गड चढले असेन. मुलींना ही गोष्ट एकदाही सांगितलेली नाही.

अम्मीला मी टिपूचं स्वप्न जेवताना सांगितलं. अम्मी ख्वाबांच्या बाबतीत पक्की. वाईट ख्वाब पडला की सकाळी उठून कुणाशी न बोलता नळ सोडते आणि वाहत्या पाण्याला सांगून टाकते. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तर मग बादलीने पाणी ओतत सांगते. उर्सात विकत घेतलेला एक खाबनामा तिच्या ट्रंकेत आहे, पानं सुटलेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औरत को पास बिठाया ना उसने?"

"हां."

"फिर तो अच्छा ख्वाब था. सुबह लोगों को बोलनाच नहीं था."

तिने ताट उचललं आणि गेली. मी त्यावर दोन रात्री वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावलं. रेघ मारलेली पानं समोर ठेवली. म्हटलं, दोन वाटा आहेत. एक, या ओळी गाळ. कुणी तुला काही म्हणणार नाही. दुसरी, स्वप्न पूर्ण सांग. त्याने तिला बसवलं तेही सांग, सकाळी काय अर्थ लावला तेही सांग, आणि सावनूरला समोर निजामाची माणसं होती तेही सांग. अर्धं सांगायचं नाही. तो म्हणाला, "पूरा बोलूंगा तो टाळ्या नहीं पडेंगे." मी म्हटलं, नाही पडणार.

मुख्याध्यापकांना मी भाषण आधी दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि सही केली. त्या चष्मा पुसण्यात काय काय होतं ते मला पूर्ण समजलं.

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझे तळहात ओले होते. आधीच्या नऊ मुलांपैकी सहाजणांनी शिवाजी महाराज घेतले होते, दोघांनी भगतसिंग, एकीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. मोझरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे तिला टाळ्या जास्त. आमचा उभा राहिला. 'टिपू' म्हणताच मागे थोडी कुजबुज झाली. रॉकेटं झाली, वाघ झाला. स्वप्नाशी आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. तरुणाने केस सोडले म्हणताना मुलं फिसकन हसली. मग तो म्हणाला, सुलतानांनी त्या बाईला मान देऊन जवळ बसवलं, पण सकाळी लढाई होती म्हणून स्वप्नाचा अर्थ वेगळा लावला, आणि माझ्या मते तिथे सुलतान चुकले. 'माझ्या मते' हे माझं नव्हतं. ते त्याने तिथेच घातलं. नंतर निजामाच्या माणसांशी पोचायच्या आत घंटा झाली. वेळ खरंच पुरला नाही.

टाळ्या पडल्या, रीतीपुरत्या. परीक्षकांपैकी एका सरांनी विचारलं, "बाळा, हे स्वप्न कुठे लिहिलंय?" तो म्हणाला, "ब्रिटिश लायब्ररीत, सर." सर काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. नंबर आला नाही. तुकडोजी महाराजांवर बोललेल्या मुलीचा पहिला आला, आणि तो यायलाच हवा होता.

परत येताना नागपूर हायवे ओलांडायला आम्ही उभे होतो. ट्रकमागून ट्रक, संत्र्यांच्या गाड्या. त्याने मला विचारलं, "मॅडम, उस औरत का आगे क्या हुआ?"

"पहाट झाली ना," मी म्हटलं. "तिथेच संपलं."

"मतलब उसने कुछ बोलाच नहीं?"

मी आठवून पाहिलं. खरंच, पूर्ण स्वप्नात ती एक शब्दही बोलत नाही. तेवढ्यात गाड्या थांबल्या आणि आम्ही रस्ता ओलांडला.